वस्तादांची पाठ

भारी वजनाच्या पैलवानाला गावात जोड मिळत नाही. साठ किलोच्या पोराला कुठल्याही तालमीत दहा जण भेटतात. कुणी त्याच्याहून चपळ असतो, कुणी ताकदीचा, कुणी डावात मुरलेला, आणि या सगळ्यांशी रोज लढून तो पोर घडतो. शंभर किलोच्या पोराला मात्र समोर दुसरा शंभर किलोचाच लागतो. तो नसेल तर पोरानं रोज हजार बैठका काढाव्यात, दोर चढावा, हौदा खणावा; अंग तयार होईल, पण समोरच्याचं वजन मानेवर घेऊन पाय न हलू देता उभं राहणं त्याला कधी येणार नाही. खानदेशात ही अडचण जुनी आहे. कोल्हापूर-सांगलीकडे एकाच तालमीत भारी मल्ल जोडीजोडीनं मेहनत करत. आमच्या धुळ्या-जळगावची माणसं कापसाच्या रानात राबणारी, काटक आणि सडपातळ. त्यांच्यात एखादा पोर आडमाप वाढलाच, तर त्याचं करायचं काय हा प्रश्न आधी त्याच्या बापाला पडायचा आणि मग वस्तादाला.

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीनं २०१४, २०१५ आणि २०१६ असा ओळीनं तीन वेळा महाराष्ट्र केसरी किताब जिंकला. त्या काळात मला माझ्या वस्तादांची जितकी आठवण आली, तितकी ते गेल्यावर कधी आली नव्हती. विजयशी माझी ओळख नाही. मी त्याला पाहिलं ते लांबून, गर्दीत उभं राहून. पण भारी वजनाचा मल्ल तयार व्हायला काय काय लागतं आणि ते कोण पुरवतं, याचा हिशेब मी त्याच्या कुस्त्या पाहताना मनाशी मांडला, आणि मांडता मांडता माझ्या स्वतःच्या देण्याची बाजू समोर आली. ते देणं ज्यांचं आहे त्यांचं नाव इथं लिहीत नाही. तालमीवर नाव मारुतीचं असतं, माणसाचं नसतं, असं ते म्हणायचे.

आमचं गाव धुळे-चाळीसगाव रस्त्यावरचं, कोरडवाहू. जत्रेत पहिल्या दिवशी भगत बारागाड्या ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल व्हायची. सुरुवातीला लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या, मग भांड्याच्या, मग पैशाच्या. पंच मैदानात पोरांना हाताला धरून फिरवत आणि नजरेनं मापून जोडी लावत. मी चौदा-पंधराचा झालो तोवर अंगानं एवढा भरलो होतो, की माझ्या वयाचं कुणी पुढं येईना आणि मोठे पैलवान पोराशी लढायला तयार होईनात. मी लंगोट लावून, अंगाला माती लावून मधोमध उभा राहायचो. हलगी वाजत राहायची. पंच ओरडून विचारायचे, ‘याला जोड कोण?’ शेवटी माझ्या हातात नारळ देऊन मला बाहेर बसवत. न लढता मिळालेला तो नारळ घरी न्यायला नको वाटायचं.

अशाच एका दंगलीत धुळ्याचे वस्ताद पंच म्हणून आले होते. दंगल संपल्यावर ते माझ्या वडिलांना शोधत आले आणि म्हणाले, ‘भाऊ, ह्या पोऱ्याले आठे जोड भेटस नही. धाडी द्या त्याले मनासंगे.’ वडिलांनी विचारलं, ‘खर्च?’ वस्ताद म्हणाले, ‘तो मी पाहीन.’ एवढ्या बोलण्यावर माझं धुळ्याला जाणं ठरलं.

वस्ताद गिरणीत कामाला होते. आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर, आणि चार घरं सोडून तालीम. खोल हौद्यात लाल माती. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर घालून ती वरचेवर मळायची, म्हणजे खरचटलं तरी पिकत नाही. पहाटे चारला दिवा लागायचा. वीस-पंचवीस पोरं होती, सगळी हलक्या आणि मधल्या वजनाची. मला वाटलं होतं, धुळ्यात मला जोड मिळेल. धुळ्यातही ती नव्हती.

मग वस्तादच माझी जोड झाले. पंचेचाळिशी उलटलेली, वजन माझ्यापेक्षा पंधरा-वीस किलोनं कमी. तरुणपणी नाव कमावलेला माणूस. आता हौद्याच्या कडेला बसून, हातात छडी घेऊन पोरांना सांगत बसण्याचं त्यांचं वय. ते लंगोट लावून माझ्यासमोर उतरायचे. आधी खडाखडी, मग पकड. मी त्यांचा एकेरी पट काढायचो, ढाक मारायचो, कलाजंगला उचलायचो, आणि दर वेळी त्यांची पाठ मातीत आपटायची. शंभर किलोचा गडी अंगावर घेऊन खाली पडलेला तो माणूस तिथूनच, माझ्या छातीखालून, दम लागलेल्या आवाजात सांगायचा, ‘उजवा हात ढिला शे. पुन्हा मार.’ मी पुन्हा मारायचो. हात घट्ट झाला की ‘आते बरोबर’ म्हणून उठायचे, माती झटकायचे आणि पुन्हा सलामीला हात पुढे करायचे. मला कुस्तीतलं जे काही आलं, ते बहुतेक वस्तादांनी माझ्याखाली पडून शिकवलं. कडेला उभं राहून डाव दिसतो. पण पकडीत जोर कुठे कमी पडतो, समोरच्याला सुटायला फट कुठे राहते, हे ज्याच्यावर डाव पडतो त्यालाच कळतं. हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्या कुणाला माझ्यासमोर उभं केलं नाही.

त्यानंतर आंघोळ करून ते पाळीला जायचे आणि आठ तास साच्यासमोर उभे राहायचे. रात्री आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी, त्यांच्या पाठीला तेल-हळद चोळत. पातळ भिंतीपलीकडून मला वाटी खाली ठेवल्याचा आवाज यायचा आणि त्यांचं हळू बोलणं. काकींनी मला याबद्दल कधी शब्दानं सुनावलं नाही. ताटावर बसलो की एवढंच विचारत, ‘आजून एक भाकर देऊ का रे?’

काकींचं देणं वेगळं लिहायला हवं. हौशी खेळात पगार नसतो आणि भारी मल्लाची भूक मात्र रोजची असते. दूध, तूप, बदाम, थंडाई, वर कळण्याच्या भाकरी. गिरणी कामगाराच्या पगारात हे बसत नाही. काकींनी एक म्हैस पाळली होती. सकाळची धार माझी, संध्याकाळचं दूध विकायचं, आणि त्या पैशातून बदाम आणायचे. घरात त्यांची स्वतःची दोन मुलं होती. ती चहा प्यायची. त्या मुलांनी माझा राग करायला हवा होता. त्यांनी मला दादा म्हटलं, आणि अजून म्हणतात.

दुपारी पाळी नसली की वस्ताद तालमीच्या ओट्यावर बसून जुन्या कुस्त्या सांगायचे. मामासाहेब मोहोळांनी उभ्या केलेल्या कुस्तीगीर परिषदेनं १९६१ साली औरंगाबादला महाराष्ट्र केसरी किताब सुरू केला आणि दुसऱ्याच वर्षी अधिवेशन धुळ्याला भरलं. तिथं भगवान मोरे जिंकले. वस्ताद तेव्हा ऐन तारुण्यात होते, आणि मैदानाच्या कडेला पाण्याच्या घागरी वाहायचं काम आपल्याकडे होतं, हे ते मोठ्या अभिमानानं सांगत. १९६६ साली जळगावला दीनानाथ सिंह जिंकले, जे पुढे हिंदकेसरी झाले. १९७७ साली अधिवेशन चाळीसगावला आलं, आणि त्या वर्षी निकालच लागला नाही; किताब कुणाच्याच नावावर लागला नाही. या गोष्टीवर वस्ताद दर वेळी थांबायचे. तीन वेळा एवढा मोठा किताब खानदेशाच्या अंगणात येऊन गेला, दोनदा बाहेरच्यांनी नेला, एकदा कुणीच नेला नाही. आपल्या मातीतला मल्ल तो केव्हा उचलणार, हे त्यांचं एकच दुखणं होतं, आणि माझ्यावर त्यांनी जी मेहनत घेतली ती या दुखण्यापोटी.

माझ्या कुस्तीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हा लेख माझ्याबद्दल नाही. जिल्ह्याची निवड मी जिंकली, राज्याच्या अधिवेशनात उतरलो. पश्चिम महाराष्ट्रातले मल्ल समोर आले तेव्हा मधल्या फेऱ्यांच्या पुढे माझी मजल गेली नाही. त्यांच्यामागे रोज चार भारी जोडीदारांशी झालेली मेहनत होती, माझ्यामागे वस्तादांची एक पाठ. त्या पाठीच्या जोरावर मी जेवढा गेलो तेवढं पुष्कळ होतं, असं मला तेव्हाही वाटलं. पुढे शारीरिक शिक्षण शिक्षकाची नोकरी लागली, ती खेळाच्या प्रमाणपत्रांवर. आज माझी पोरं शिकली, घर झालं, त्याच्या मुळाशी ती सकाळची धार आहे.

विजय चौधरीचं नाव कानावर येऊ लागलं तोवर वस्ताद गेले होते. विजयचे वडील स्वतः पैलवान, त्यामुळे पहिली माती घरचीच. पण भारी वजनाचा मल्ल सायगावात राहून होणार नव्हता. तो पुण्याला गेला आणि हिंदकेसरी रोहित पटेलांच्या हाताखाली तयार झाला. पुण्यात काय मिळतं? चांगला वस्ताद मिळतो, मॅट मिळते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोड मिळते. राज्यभरातून आलेले, घरापासून तुटलेले, शंभर-सव्वाशे किलोचे पोर तिथल्या तालमींत एकमेकांना रोज पाडतात आणि रोज पडतात. त्यांतल्या एकाचं नाव पेपरात येतं. बाकीचे त्याच मातीत, त्याच वेळी, तेवढीच मेहनत करत असतात.

महाराष्ट्र केसरीची रचना अशी, की माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अखेरच्या कुस्तीत समोरासमोर येतात. मातीतला मल्ल आणि मॅटवरचा मल्ल यांचं पायावर उभं राहणं वेगळं असतं. माती पाय धरून ठेवते, मॅटवर वेग लागतो, रेषेबाहेर पाय गेला तर गुण जातो. जो दोन्हीकडे टिकतो तोच मोहोळ कुटुंबाकडून दिली जाणारी चांदीची गदा खांद्यावर घेतो. विजयनं २०१४ साली नगरला सचिन येलभरला हरवून ती घेतली. पुढच्या वर्षीचा किताब नागपूरला विक्रांत जाधवविरुद्ध. तिसऱ्या वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, पुण्यात वारज्याला त्याच्यासमोर होता अभिजित कटके, पुण्याचाच, वयानं लहान, मैदान घरचं. याआधी सलग तीन किताब एकट्या नरसिंग यादवनं घेतले होते, २०११ ते २०१३. त्यामुळे त्या रात्री वारज्याला बसायला जागा नव्हती.

मी तिथं होतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणारी आमच्याकडची शेकडो पोरं आली होती. गर्दीतून अहिराणी आरोळ्या ऐकू येत होत्या. मी आरोळी मारली नाही. मी विजयचे पाय पाहत होतो. दोन भारी मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे राहतात तेव्हा लांबून काहीच घडत नाहीये असं वाटतं. लोक म्हणतात, नुसते ढकलतात. पण त्या उभं राहण्यातच कुस्ती असते. समोरचा आपलं सगळं वजन तुमच्या मानेवर टाकतो, तुमचा एक पाय अर्धा इंच उचलावा म्हणून. तो पाय उचलला की गेला. विजयचा पाय उचलला गेला नाही. ते पाय तसे रोवायला किती माणसांनी किती पहाटे आपली वजनं त्याच्या मानेवर टाकली असतील, हे माझ्या मनात येत होतं. निकाल लागला, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी म्हणून त्याचं नाव पुकारलं गेलं, आणि माझ्या शेजारचा अनोळखी पोर माझ्या गळ्यात पडून रडला. मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी गावी जाण्याआधी धुळ्याला उतरलो आणि काकींकडे गेलो. त्या आता थकल्या आहेत, कमी ऐकू येतं. मी मोठ्यानं सगळं सांगितलं: चाळीसगावकडचा पोर, तिसऱ्यांदा, गदा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्याले जोड कोन व्हता?’

महाराष्ट्रभरातल्या पत्रकारांनी विजयला तेव्हा पुष्कळ प्रश्न विचारले असतील. हा प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. तो विचारायला पाठीला तेल चोळलेले हात लागतात. मी म्हणालो, पुण्यात पुष्कळ भारी पोरं आहेत, काकी. त्या म्हणाल्या, ‘मंग बरं.’

आपल्याकडच्या हौशी खेळाच्या इतिहासात या घेतल्या-दिलेल्याची नोंद फार थोडी आहे. खाशाबा जाधवांचं ऑलिंपिकमधलं कांस्यपदक सगळ्यांना माहीत असतं. १९५२ साली त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे त्या मानानं थोड्यांना. खाशाबा हलक्या गटाचे होते. भारी गटातल्या खेळाडूंचं पुढे काय होतं याचं मला सलणारं उदाहरण मुष्टियुद्धातलं आहे, कौर सिंगांचं. पंजाबातल्या संगरूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, फौजेत गेला आणि फौजेनं त्याला हेवीवेट बॉक्सर केलं. जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत तो खुद्द मोहम्मद अलीसमोर चार फेऱ्या प्रदर्शनीय सामना खेळला. त्याच वर्षी मुंबईत आशियाई अजिंक्यपद भरलं होतं, तिथं सुवर्ण. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये पुन्हा सुवर्ण, मग पद्मश्री. नंतर तो गावी जाऊन शेती करू लागला. २०१७ साली बातमी आली, की हृदयाच्या उपचारासाठी त्याला कर्ज काढावं लागलं आणि एशियाडच्या पदकावर जाहीर झालेलं लाख रुपयांचं बक्षीस तोवर हातात पडलेलं नव्हतं. त्या वेळी फौज त्याच्या मदतीला धावली. एप्रिल २०२३ मध्ये तो गेला. अलीसमोर उभा राहिलेला माणूस औषधासाठी कर्ज काढतो, हे वाचून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. देशानं त्याच्या ठोशांचा आनंद घेतला होता. त्याचं देणं लागत होतो ते आपण सगळे.

म्हणूनच विजयला राज्य शासनानं थेट पोलीस उपअधीक्षक म्हणून घेतलं, तेव्हा मला किताबाइतकंच समाधान वाटलं. आणि त्यानं वर्दी मिळाल्यावर कुस्ती सोडली नाही, याचं त्याहून अधिक. २०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस आणि अग्निशमन दलांच्या क्रीडा स्पर्धा झाल्या. तिथं १२५ किलो गटात त्यानं भारतासाठी सुवर्णपदक आणलं. पस्तिशीच्या आसपास भारी वजनाचं शरीर लढण्याजोगं ठेवणं म्हणजे काय, हे ज्याचे गुडघे या वजनानं झिजलेत त्यालाच समजेल. त्यासाठी पुन्हा तेच सगळं लागतं: पहाट, मेहनत, आणि समोर तोलामोलाचा कुणीतरी.

वस्ताद शेवटच्या वर्षांत वाकू शकत नव्हते. तालमीत आले की मारुतीसमोर उभ्यानंच हात जोडत, आणि पोरांना वाटायचं वय झालं म्हणून. मला विचारलं तर ती पाठ कशानं गेली हे मी तारीखवार सांगू शकेन. त्यांनी मात्र तिचा उल्लेख केला तो एकदाच, माझी नोकरी लागल्याचं सांगायला मी पेढे घेऊन गेलो होतो तेव्हा. काकींना हाक मारून म्हणाले, ‘पाय वं, मनी पाठ कामले उनी.’

निवृत्तीनंतर मी आमच्या गावातल्या तालमीकडे लक्ष देतो. आधी तिथं फक्त मुलं होती. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली, आणि त्यानंतर शेजारच्या वस्तीवरून एक मुलगी आली. सालदाराची लेक, अंगानं दणकट, महिलांच्या सर्वांत वरच्या ७६ किलो गटाकडे निघालेली. तालुक्यात तिच्या वजनाची दुसरी मुलगी लढणारी नाही. तिचा थोरला भाऊ तिला घेऊन येतो आणि तोच तिच्यासमोर उभा राहतो. त्याला स्वतःला कुस्तीत काही करायचं नाही, त्याला ट्रॅक्टरचं काम आवडतं. पण तो रोज येतो, रोज पडतो, आणि पडल्यावर तिला सांगतो कुठे ढिली पडली ते.

मुलीच्या खुराकाची जबाबदारी मी घेतली आहे. तिच्या वडिलांना पहिल्याच दिवशी सांगितलं: दूध एका ग्लासाचं येणार नाही, दोन ग्लासांचं येईल, बदामही तसेच. भावानं ते तिला देऊन टाकायचे नाहीत, तालमीतच माझ्यासमोर प्यायचं. पहिले काही दिवस तो लाजायचा. आता दोघं हौद्याच्या काठावर शेजारी बसून पितात आणि सकाळी झालेल्या पटावरून भांडतात.